सोमलाचा साबण, यमुनेची खळ

१२ ऑगस्ट १९५७
म्युझियमसाठी भरायला घेतलेल्या होल्याचं कातडं फाटलं. मानेपाशी, दीड बोट. होल्याचं कातडं म्हणजे कांद्याचा पापुद्रा, जपून, असं बावीस वर्षं मी दुसऱ्यांना बजावत आलो. फाटलं ते मला कळलंच नाही. आवाज आला तेव्हा कळलं.
उजव्या हाताची तीन बोटं महिनाभर अशीच आहेत. आधी मुंग्या, मग काहीच नाही. चिमटा हातात आहे की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. पेन्सिलीला दोरा गुंडाळलाय, म्हणून हे तरी लिहितोय. अक्षर बालवाडीतलं.
पिसं टेबलभर. उचलून टाकणार होतो. यमुना दारात उभी होती. "टाकू नका. कागद लावून बघू का मी?"
कर काय करायचं ते, म्हटलं. चिडून म्हटलं.

१३ ऑगस्ट
तिनं आतल्या बाजूनं पतंगाच्या कागदाचं ठिगळ लावलं. खळ चिंचोक्याची, स्वतः शिजवलेली, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तिचे वडील अवेन्यू रोडला पुस्तकं बांधायचे. आमच्या लग्नाआधी ती त्यांच्या हाताखाली चामड्याच्या कडा वळवून चिकटवायची, त्यामुळं खळ तिला ठाऊक. सरस लावला असता तर वाळल्यावर कातडं ताठ होऊन तडकलं असतं. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.
गळलेली पिसं एकेक करून परत बसवली. शेपटीकडून मानेकडे, कौलं चढवतात तशी.
दुपारी भिंगातून पाहिलं. फाट दिसत नाही.
मला बरं वाटायला हवं होतं.

२ सप्टेंबर
कातडी घरी आणून काम करायची परवानगी आहे, कारण म्युझियमची मागची खोली पावसाळाभर गळते आणि एरवीही ओली असते. शिपाई मुनियप्पा सोमवारी खोका आणतो, शनिवारी नेतो. म्हणजे घरात काय चालतं ते बघणारं कोणी नाही. चांगलंच आहे.
आज सोमलाचा साबण लावायचा होता. कातड्याला आतून तो लावला की कसर लागत नाही, वर्षानुवर्षं पक्षी तसाच राहतो. ब्रश दोनदा पडला. मग यमुनेनं घेतला.
"हे विष ना?"
"पोटात गेलं तरच. हात धुवायचे, झालं."
माझ्या वस्तादांनी मला हेच सांगितलं होतं. त्यांनी चाळीस वर्षं हे काम केलं. शेवटची तीन वर्षं अंथरुणात होते, पायांत जीव नव्हता. म्हातारपण.

२१ ऑक्टोबर
तांबट. पहिला पूर्ण पक्षी तिच्या हातचा. मी फक्त खुर्चीत बसून सांगत होतो. तारेवर ताग गुंडाळ. आणखी घट्ट. छातीला फुगवटा कमी. मान आखूड ठेव, जिवंत तांबटाला मान नसतेच.
ऐकते. पण खळीच्या बाबतीत ऐकत नाही.
मी म्हटलं, तागाच्या शरीराला सरस लाव, कातडं चढव, दाब, झालं. ती म्हणाली, सरस पाच मिनिटांत धरतो, मग सरकवायचं कसं? तिची खळ दोन तास ओली राहते. तेवढ्या वेळात ती कातडं वर घेते, खाली घेते, पंखाखालची सुरकुती अंगठ्यानं पुसून काढते, पिसांच्या ओळी जिथल्या तिथं आल्या की मगच पोटाची शिवण घालते. वाळल्यावर कातडं पोकळ वाजत नाही. माझे निम्मे पक्षी टिचकी मारली की ढोलकीसारखे वाजतात.
बावीस वर्षं घाई केली मी. सरस घाई करायला लावतो असं म्हणायचो.
तांबट बरा झाला. बरा म्हणजे माझ्याहून बरा. तिला म्हटलं, ठीक आहे.

९ जानेवारी १९५८
नवे साहेब आले. करंदीकर. पुण्याचे. पहिल्याच भेटीत, "अरे वा, मराठी का तुम्ही? गंमतीदार आहे हो तुमचं मराठी, जाधव. कानडी हेल आहे." तीनशे वर्षं आमची माणसं या कानडी गावात आहेत. गंमतीदार.
पक्ष्यांचं नवं दालन करायचं म्हणतात. काचेची कपाटं, मागं रंगवलेली झाडं. जुने पक्षी सगळे बघितले (माझे). "हे काय, उशा वाटतात." मग तांबट हातात घेतला. उलटा केला, शिवण शोधली. सापडली नाही.
"हात आहे तुमचा!"
"हो साहेब," म्हटलं.
दोनच शब्द. ते पुरले.

१० जानेवारी
य. ला सांगितलं, साहेबांना तांबट आवडला. तिचं तोंड एवढंसं उजळलं. "काय म्हणाले?"
"म्हणाले, बरा आहे."
पूर्ण सांगायला काय झालं होतं?

२६ फेब्रुवारी
बाणपाखरू आलं. नर, पांढरा, शेपटीची दोन पिसं हातभर लांब. आनेकलच्या बाजूनं कुणीतरी आणून दिलं, एक पंख मोडलेला. बाणपाखराचं कातडं ओलं धरून ठेवता येत नाही, पिसांची मुळं सुटतात. मी माझ्या चांगल्या दिवसांत तीन केले, तिन्ही बिघडले.
य. नं खळ पातळ केली, दुधासारखी. मुलांच्या पाटीवर फिरवायचा बोळा असतो तसा कापसाचा बोळा करून आतून टिपत गेली, पुसली नाही. मोडलेल्या पंखात बांबूची काडी. डोळ्यांच्या पापण्या सुईनं वर उचलून काचेच्या डोळ्यावर बसवल्या, पापणीच्या कडेला डिंकाचा एक थेंब. वरून सबंध अंग सुती दोऱ्यानं सैल बांधलं, पिसं सुकेपर्यंत हलू नयेत म्हणून.
चार दिवस लागले. त्या चार दिवसांत जेवण वेळेवर झालं नाही. मी बोललो त्यावरून. काय बोललो ते लिहीत नाही.

१४ मार्च
होसकोट्याच्या तळ्यावरची बदकं. सहा. चरबीच चरबी. घरभर चरबी काढायच्या पेट्रोलचा वास, खरवडून खरवडून तिचे हात लाल. चरबी राहिलेल्या कातड्यावर खळ धरत नाही, सोलून निघते. मी म्हटलं, आता तुझी खळ गेली. आवाजात आनंद होता, तिला कळला असणार.
तिनं लसूण ठेचली, रस कातड्याला आतून चोळला, वाळू दिला, मग खळ. धरली. "बाबा सोनेरी वर्ख लावताना चोळायचे," म्हणाली.
माझ्या धंद्यातलं मला हिनं शिकवायचं.

३० जून १९५८
दालन उघडलं. खुर्च्या, हार, भाषणं. साहेबांनी नाव घेऊन मला उभं केलं. टाळ्या. प्रत्येक पक्ष्याखाली पाटी, इंग्रजी, कानडी नाव आणि खाली बारीक: मांडणी, शं. जाधव.
य. शेजारच्या सरोजक्कांबरोबर आली होती. गर्दीत मागं. बाणपाखराच्या कपाटापुढं बराच वेळ उभी होती. सरोजक्कांनी तिला विचारलं असणार, काय बघतेस एवढं. काय सांगितलं कोण जाणे.
परत येताना बसमध्ये, खिडकीबाहेर बघत: "एकाखाली तरी माझं नाव घाला. बारीक अक्षरात. मी कुणाला दाखवायला जाणार नाही."
"सरकारी काम आहे ते. बायकांची नावं घालत नाहीत."
"बरं."
मग मार्केटात घेवडा ताजा होता का, यावर बोलली. शेवटच्या स्टॉपपर्यंत.

११ नोव्हेंबर १९५८
डाव्या हातालाही सुरू झालं. डॉ. शेषाद्रींकडे गेलो. म्हातारे आहेत, सगळं विचारतात. नखं बघितली, आडव्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. तळव्याची कातडी बघितली. मग धंदा विचारला. सांगितला.
"साबण किती वर्षं?"
"तेवीस."
"नखांतून जातं, धुळीतून छातीत जातं. पोटातच जायला पाहिजे असं नाही. आजपासून हात लावायचा नाही. गेलेलं परत येईल की नाही, सांगू शकत नाही." मग औषध लिहिता लिहिता, मान वर न करता, "घरात आणखी कोण हाताळतं?"
"कोणी नाही."

११ नोव्हेंबर, दिवेलागणी
य. नं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर.
"वात. वय झालं, म्हणाले."
तिनं तेल कोमट करून आणलं. बोटं चोळत बसली. तिच्या नखांकडं बघायचं मी टाळलं.
इथं तरी खरं लिहितो. सांगितलं तर ती सोडेल. ती सोडेल तर मी सगळ्यांसमोर उघडा पडेन. पन्नाशीला आलेल्या, बोटं गेलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार. हे कारण आहे. दुसरंही एक आहे. तिला शिव्या द्याव्याशा वाटाव्यात इतकं चांगलं ती माझं काम करते, ते थांबावं असं मला वाटत नाही.

१ डिसेंबर
टाकणखार आणला. बाहेरदेशी काही जण सोमलाऐवजी हाच वापरतात असं म्युझियममधल्या एका पुस्तकात आहे. सोमलाचा डबा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला.
य. ला सांगितलं, वरून हुकूम आलाय, आता ही पावडर.
"ही धरते का?"
"धरते."
मला माहीत नाही. मी कधी वापरलेली नाही. निदान तिचे हात वाचले, असं स्वतःला सांगून जेवलो.

२२ ऑगस्ट १९५९
बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.
साहेबांनी कॉलेजच्या मुलांपुढं बोलायला लावलं. विषय: पक्ष्याचं कातडं बसवण्याची पद्धत. अर्धा तास बोललो. खळ आणि सरस यांतला फरक. कातडं सरकवायला वेळ का लागतो. पापणीला डिंक किती. चरबीला लसूण. लसणीला मुलं हसली, मग लिहून घेतलं. एकानं विचारलं, सर, हे तुम्ही कुठं शिकलात?
"अनुभवानं."
घरी आलो तर य. हळद्याच्या पोटाची शिवण घालत होती. सुई दोनदा चुकली तिची. मी ते बघितलं आणि कोट खुंटीला लावला.

८ फेब्रुवारी १९६०
कसर लागली.
मुनियप्पानं कपाट पुसताना बघितलं. हळद्याखाली भुशासारखी पूड. साहेबांनी कपाटं उघडायला लावली. हळद्या, नवरंग, दोन खंड्या, राखी बगळा. बगळ्याच्या मानेला हात लावला तर पिसांचा झुबका हातात आला. केसाळ अळ्या.
तांबट ठीक. बाणपाखरू ठीक. बदकं ठीक. मी यादी डोक्यातच केली, कागदाची गरज नव्हती. सोमलाचे सगळे शाबूत. टाकणखाराचे गेले.

१० फेब्रुवारी
साहेबांच्या खोलीत. बाहेरचे दोघं होते, पाहुणे.
"जाधव, कशामुळं हे?"
टाकणखार म्हणालो असतो तर विचारलं असतं, कुणाला विचारून बदललं? का बदललं? मग डॉक्टर. मग हात. मग घर.
"खळीमुळं असेल साहेब. खळ घरचीच असते. बायको शिजवते. चिंचोक्याचं पीठ, कीड धरली असेल."
"बायको? सरकारी नमुन्यांना तुम्ही स्वैपाकघरातली खळ लावता?"
पाहुणे हसले. मीही हसलो थोडं.
तिचं नाव या इमारतीत पहिल्यांदा निघालं ते असं. नाव सुद्धा नाही. बायको.
चार वाजेपर्यंत मेमो निघाला. घरी बनवलेली खळ वापरू नये.

११ फेब्रुवारी
य. ला म्हटलं, आता खळ तिकडूनच मिळणार, बाजारची. म्हणाली, का?
"हुकूम."
"तुमच्याकडं हुकूम फार येतात."

१७ एप्रिल १९६०
करंदीकरांकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. य. दरवर्षी जाते. इथल्या मराठी बायकांना एकत्र भेटायची तेवढीच जागा.
लौकर परत आली. आंब्याची डाळ पानात तशीच बांधून आणलेली, ओट्यावर ठेवली.
"माझी खळ किडली म्हणे."
मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो.
"करंदीकरबाई सगळ्यांदेखत विचारत होत्या. काय हो, तुमच्या खळीनं पक्षी खाल्ले म्हणे? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, अहो, जाधवांनीच सांगितलं साहेबांना." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही सांगितलं?"
"काहीतरी सांगायला पाहिजे होतं."
"माझ्या खळीत मोरचूद असतो. बाबांनी बांधलेली पुस्तकं अजून आहेत. एकाला छिद्र नाही."
ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडण्याला उत्तर देता येतं.

२० एप्रिल
तिनं मुनियप्पाला सांगून कपाटातल्या अळ्या आणवल्या. लोणच्याच्या तीन बरण्या घासून घेतल्या. एकीत तिची खळ लावलेला कागद. दुसरीत टाकणखार लावलेला कातड्याचा तुकडा, खळ नाही. तिसरीत दोन्ही. तोंडाला फडकी बांधून खिडकीत ठेवल्या. तारीख घातली प्रत्येकीवर, खडूनं.
मुनियप्पा हे काय म्हणून विचारत होता, "अक्का, इदु एनु?" ती म्हणाली, "स्वल्प थांब, बघू."
मला निकाल माहीत आहे. ती बरण्यांजवळ गेली की मी अंगणात जातो.

१२ मे
सकाळी तिनं तिन्ही बरण्या टेबलावर आणल्या. माझ्यापुढं. न्याहारी बाजूला केली.
खळीचा कागद तसाच. कातड्याचा तुकडा जाळीसारखा. तिसऱ्या बरणीत कातडं खाल्लेलं, खळीच्या थराशी येऊन अळ्या थांबलेल्या.
"खळ नाही. तुमची पावडर खोटी आहे."
"असेल."
"असेल? महिनाभर मला वाटतंय माझ्या हातानं नासले ते पक्षी. परत कातडी मागवा. मी नव्यानं करते सगळे. जुना डबा कुठं आहे?"
"टाकला."
"नाही टाकला. माळ्यावर गोणपाटात आहे. दिवाळीत झाडताना बघितलाय मी."
स्टूल घेऊन चढली. डबा खाली आणला, गोणपाट सोडलं, झाकण सुरीनं उचकटलं. साबण वाळून भेगाळला होता. पाणी घालायला बोट बुडवणार, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे दोन्ही हातांनी, कारण एकानं धरता येत नाही. डबा पडला.
"काय करताय?"
मग सांगितलं. डॉक्टरांचं सगळं. नखं, धूळ, हात. वाक्यं पुरी होत नव्हती.
संपल्यावर तिनं विचारलं, "कधी सांगितलं त्यांनी?"
"गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात."
"दीड वर्ष." बोटांवर मोजल्यासारखं केलं. "त्याआधी सव्वा वर्ष मी लावत होते."
"म्हणून तर बंद केला मी तो. तुझ्यासाठीच."
"माझ्यासाठी केला असता तर मला सांगून केला असता."
मी स्टूल उचलून जागेवर ठेवलं.
"मला गेल्या थंडीपासून मुंग्या येतात," म्हणाली. "या दोन बोटांना. सुई धरून येत असतील म्हणत होते."
सांडलेलं सगळं तिनं ओल्या फडक्यानं टिपलं, फडकं डब्यात कोंबलं, झाकण लावलं, डबा अंगणात नेऊन ठेवला. हात साबणानं तीनदा धुतले. मग पोळ्या केल्या. मला वाढल्या. स्वतः जेवली नाही.

१५ मे
तीन दिवस बोललेली नाही. कामापुरतं, "पाणी काढलंय", "मुनियप्पा आलाय". खोका आला, तो उघडला नाही. मी उघडला. एक कोतवाल पक्षी आणि दोन सातभाई. मी प्रयत्न केला. लिहीत नाही.

१६ मे
सकाळी इरकल नेसली, डोक्याला तेल लावलं, पिशवीत बरण्या घातल्या. सातभाईचं एक कातडं ओल्या फडक्यात. खळीचा डबा.
"कुठं?"
"म्युझियमला."
"मी येतो."
"नका येऊ."
दोन वाजता मुनियप्पा धावत आला. धापा टाकत, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. अक्का साहेबांच्या खोलीत गेल्या. बरण्या टेबलावर मांडल्या. म्हणाल्या, माझी खळ किडली नाही, मेमो मागं घ्या. साहेब आधी हसले. मग अक्कांनी कपाटापुढं नेऊन एकेक पक्षी दाखवला, हा माझा, हा माझा, हा यांचा, हा माझा. साहेब म्हणाले, कशावरून? तेव्हा अक्का खोलीतच जमिनीवर बसल्या. बोटांना चिंध्या बांधल्या, तारेवर ताग गुंडाळला, कातडं चढवलं. दोन तास. ऑफिसातले सगळे दारात उभे.
"अण्णा, तुम्ही असं कधी केलं नाही," मुनियप्पा म्हणाला. वाईट हेतूनं नाही. त्याला तसंच वाटलं.

१७ मे
साहेबांनी बोलावलं. टेबलावर सातभाई. मान किंचित वळवलेली, चोच उघडी, भांडताना असते तशी. पोटावर दोरा अजून बांधलेला.
"बसा, जाधव. तुमच्या पत्नीला काम येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही शिकवलं असेल. पण त्या म्हणतात दालनातले बहुतेक त्यांचेच. हे खरं?"
मी सातभाईच्या पोटावरचा दोरा बघत होतो.
"हो म्हणालात तर चौकशी लावावी लागेल, मला इलाज नाही. दोन वर्षं खोट्या सह्या आहेत तुमच्या. नाही म्हणालात तर त्या इथं येऊन खोटं बोलल्या असं होईल, आणि मग त्यांना आत सोडू नका असं मला शिपायांना सांगावं लागेल. तोंडी नको. उद्या अकरापर्यंत तुमच्या अक्षरात लिहून द्या."
उठताना म्हणालो, साहेब, माझं अक्षर बिघडलंय.
"चालेल," म्हणाले. पुणेरी सभ्यपणानं.
घरी येऊन य. ला सगळं सांगितलं. ऐकलं तिनं. तांदूळ निवडत होती.
"काय लिहू?"
"मला काय विचारता? मला जे सांगायचं होतं ते मी सांगून आले. डॉक्टरांचं मात्र सांगितलं नाही. ते तुमचं आहे, तुम्ही सांगा."
"नोकरी जाईल."
"जाईल." सूप आपटलं, खडे बाजूला गेले. "उद्या मी शेषाद्रींकडं जातेय. तुम्ही बरोबर नका येऊ. तुमच्यासमोर त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण, तर मला तुमचं तोंड बघायचं नाही."

१८ मे १९६०
य. नऊच्या बसनं गेली.
कोरा कागद, सरकारी. तारीख घातली. 'मा. संचालक यांस' लिहायला दहा मिनिटं लागली. खाडाखोड नको म्हणून पेन्सिल टाकून टाक घेतला, तर डाग पडला. दुसरा कागद.
मुनियप्पा कागद न्यायला आलाय, पायरीवर बसलाय. जाताना तिनं त्याला चहा देऊन ठेवलेला. तो रस्त्याकडं बघतोय. सव्वादहा झाले.
एक ओळ झाली: 'सदर पक्षी माझ्या राहत्या घरी तयार झाले.'
ही ओळ हो आणि नाही, दोन्हीकडं चालते. पुढची चालणार नाही.